रोल नंबर सव्वीसच्या तीन सुया

“फेकू नका! सिस्टर, फेकू नका म्हणतो ना!”

हा आवाज माझा. त्याच्याबद्दल आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी मला थापाड्या म्हणणार नाही. आमची पालेभाजीची शेती, नाशिकजवळच, नदीकाठी. लहानपणी मी अलीकडच्या वावरातून हाक मारून पलीकडच्या काठावरच्या काकाला मोटर बंद करायला लावायचो. मधे नदी, दोन द्राक्षबागा आणि एक वीटभट्टी. भट्टीवरची गाढवं माझ्या हाकेने वळायची. तर तो आवाज त्या दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागला तेव्हा मांडणीवरच्या काचनळ्या किणकिणल्या, आणि बाहेर सिन्नरकडे निघालेल्या एस.टी.च्या कंडक्टरने कुणीतरी हात करतंय असं समजून गाडी थांबवली.

सिस्टरांचा हात मात्र थांबला नाही. त्यांनी बाटलीतला शेवटचा डोस सिरिंजमध्ये ओढला, बेसिनमध्ये उडवला आणि वरून नळ सोडला. संपलं. आणि बेसिनपासून तीन फुटांवर आमची सफाईची मावशी उभी होती, पोलक्याची डावी बाही खांद्यापर्यंत वर सारून. तिला मीच बोलावून उभं केलं होतं. तिने बाही खाली ओढली, बादली उचलली आणि निघून गेली. मी तिथेच उभा राहिलो, तोंड उघडं टाकून, एखादी गाडी चुकलेल्या माणसासारखा.

आता हे सगळं काय होतं ते सांगतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिक रोडच्या पुढे एक खाजगी कॉलेज होतं, नर्सा आणि लॅब टेक्निशियन तयार करणारं, मागच्या बाजूला स्वतःचं छोटं हॉस्पिटल. मी तिथे प्रयोगशाळेत सहायक. कॉलेजचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. त्यांतले काही अजून पेन्शन घेतात आणि सकाळी जॉगिंग ट्रॅकवर मला भेटतात.

त्या वर्षी वरून एक परिपत्रक आलं. कॉलेजातल्या सगळ्या विद्यार्थ्यांनी आणि सगळ्या कर्मचाऱ्यांनी कावीळ ‘ब’ची लस घ्यायची. रक्तातून होणारी ती कावीळ, लिव्हर खाऊन टाकणारी. डोस तीन. पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. तिन्ही झाले की प्रमाणपत्र. प्रमाणपत्र नाही तर विद्यार्थ्याला परीक्षेचं हॉल तिकीट नाही आणि कर्मचाऱ्याला वार्षिक वाढ नाही. नियम चांगला होता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी इतका ओरडणार आहे की माझा राग लसीवर आहे असं वाटेल. लसीवर माझा काडीचा राग नाही. मी पहिल्या रांगेत टोचून घेतलं, आणि घेताना डोळे मिटले ते उन्हामुळे.

राग कशावर, तर ‘कर्मचारी’ ह्या शब्दाच्या मापावर. त्या मापात प्राचार्या मॅडम बसत होत्या, ज्या रक्त फक्त चित्रात दाखवायच्या. हिशेबनीस बसत होता, ज्याला लाल शाई पाहूनही घाम यायचा. माळी, ड्रायव्हर, ग्रंथपाल, सगळे बसत होते. बसत नव्हती ती फक्त मावशी.

आणि मावशीचं काम काय, ते ऐका. वापरून फेकायच्या सुया तेव्हा आमच्यापर्यंत पुरत्या पोचल्या नव्हत्या. काचेच्या सिरिंजा, लोखंडी सुया, सगळं धुऊन उकळून परत वापरात. हॉस्पिटलातल्या आणि प्रयोगशाळेतल्या वापरलेल्या सुया एका तसराळ्यात जमायच्या आणि ते तसराळं मावशीपुढे यायचं. ती एकेक सुई नळाखाली धरायची, आत अडकलेलं रक्त तारेने काढायची, मग उकळायला टाकायची. हातमोजे होते, पण ते मुलींच्या प्रॅक्टिकलसाठी, कपाटात, कुलपात. रोज एखादी तरी सुई मावशीच्या बोटात जायची. तिच्या बोटांना इतकी भोकं होती की तिने ओंजळीत पाणी घेतलं तर दहाही बोटांतून कारंजी उडतील, अशी मला भीती वाटायची. आणि सुई लागली की ती काय करायची? शेतात बाभळीचा काटा मोडल्यावर करतात तेच. बोट तोंडात घालून चोखायची आणि थुंकायची. सिन्नर तालुक्यातल्या कोरडवाहू गावची बाई, जन्मभर काट्यांशी गाठ. सुईदेखील तिच्या लेखी एक काटाच. मी तिला सांगायचो, मावशी, हा काटा बाभळीचा नाही, माणसाचा आहे. ती हसायची आणि म्हणायची, माणसाचा काटा तर त्याहून बारीक असतो, भाऊ.

म्हणजे चाळीस कर्मचाऱ्यांना मिळून वर्षात जेवढं रक्त लागत नव्हतं तेवढं ह्या बाईच्या बोटांना एका सकाळी लागत होतं. पण ती ठेकेदाराची. सफाईचं काम ठेक्यावर, ठेकेदार नाशिक रोडचा, आणि मावशी त्याच्या वहीत. कॉलेजच्या यादीत ती कुठेच नव्हती. बादली होती, झाडू होता, फिनेलचे कॅन होते, त्यांना नंबरसुद्धा घातलेले होते.

यादी करणारे आमचे हेडक्लार्क. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांसारखा सुईला भिणारा माणूस मी गोदावरीच्या दोन्ही काठांवर पाहिला नाही. शाळेत देवीची लस टोचायला माणूस आला तेव्हा ते चिंचेवर चढले आणि तिसऱ्या दिवशी उतरले, असं त्यांच्याच गावचा एकजण सांगायचा. मी त्यात एक दिवस वाढवला असेन, जास्त नाही.

परिपत्रक आल्यावर भाऊसाहेब दोन दिवस रजेवर गेले आणि येताना एक कागद घेऊन आले. आमच्याकडे कावीळ झाली की माळ घालायची रीत आहे. जाणता माणूस बारीक काड्यांची माळ दोऱ्यात ओवून रुग्णाच्या डोक्यावर ठेवतो, आणि कावीळ जशी उतरत जाते तशी ती माळ लांबत लांबत खाली येते. भाऊसाहेबांनी कावीळ नसताना माळ घालून घेतली होती. ती म्हणे बेंबीपर्यंत आली. आणि त्या जाणत्या माणसाकडून त्यांनी वहीच्या पानावर लिहून आणलं होतं की सदर इसमाची कावीळ उतरवली आहे, पुन्हा होणार नाही, खाली अंगठा. त्या कागदाला त्यांनी स्वतःच आवक क्रमांक घातला आणि स्वतःच्या फायलीत लावला. मॅडमनी त्यांना समजावलं की माळ झालेल्या काविळीची असते आणि लस न झालेल्या काविळीची. भाऊसाहेब म्हणाले, मॅडम, शेवटी कावीळच ना.

मॅडमनी तो कागद फेटाळला. मग भाऊसाहेबांनी दुसरा रस्ता काढला, आणि तो साधा होता. यादी त्यांची, नावापुढे खूण करणारे तेच, प्रमाणपत्र भरणारेही तेच.

लसीची एक बाटली दहा माणसांची. बूच टोचलं की त्या दिवशीच ती संपवायची, उरेल ते फेकायचं, असा आमच्याकडे दंडक. यादीत चाळीस नावं, म्हणून चार बाटल्या. एकोणचाळीस दंड आले, टोचून गेले. चाळिसावे भाऊसाहेब. ते टेबलाशी बसून सगळ्यांच्या नावापुढे खुणा करत होते. सिस्टरांनी सुई भरली तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावापुढे खूण केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, मी नंतर घेतो, आज उपास आहे.

राहिला एक डोस. मी धावत जाऊन मावशीला आणलं. सिस्टर तिच्याकडे बघत होत्या, दंडावर फिरवायचा कापूस हातात होता, मी शपथेवर सांगतो. भाऊसाहेब म्हणाले, यादीबाहेर एक थेंब गेला तर हिशेब तुम्ही द्याल. सिस्टरांची नोकरी दोन वर्षं राहिली होती. त्यांनी कापूस खाली ठेवला. मग मी जे ओरडलो ते वर लिहिलंच आहे.

पुढचे आठ दिवस मी जे केलं त्याला माझी बायको ‘डोक्यात वारं जाणं’ म्हणते. मी मॅडमकडे गेलो. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, माझं सगळं ऐकलं, आणि म्हणाल्या की तुमचं म्हणणं मला पटतं, पण यादी माणसांची नाही, पदांची आहे, आणि ह्या कॉलेजात मावशी हे पद नाही. मी ठेकेदाराकडे गेलो. तो स्कूटरवरच बसून बोलला. म्हणाला, बाई काम कुणाकडे करते? कॉलेजकडे. सुया कुणाच्या? कॉलेजच्या. मग टोचायचं कुणी? मी परत कॉलेजात आलो. भाऊसाहेब म्हणाले, लेखी आणा. ठेकेदार म्हणाला, आधी त्यांनी लेखी मागायला पाहिजे, आणि तेही लेखी. त्या आठ दिवसांत मी कॉलेज ते नाशिक रोड इतक्या खेपा केल्या की शेअर रिक्षावाल्यांनी मला त्यांच्या युनियनचा समजून वर्गणी मागितली.

सिस्टर ह्या काळात माझ्याशी बोलत नव्हत्या, किंवा मी त्यांच्याशी. नवव्या दिवशी त्या प्रयोगशाळेत आल्या, माझ्याकडे पाठ करून कापसाचे बोळे मोजायला लागल्या, आणि बोळ्यांनाच सांगावं तसं म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या पोरींना टोचायचंय. यादीत तीस. येणार एकोणतीस. सव्वीस नंबर येत नाही.”

सव्वीस नंबर मला माहीत होता. सटाण्याची मुलगी, वडील कांद्याचे व्यापारी. कॉलेजात आठ दिवस आली आणि लग्न ठरलं म्हणून गेली. नाव कमी करायला वडिलांचा अर्ज लागायचा, आणि वडिलांना एका बाजूने कांदा आणि दुसऱ्या बाजूने लग्न, त्यामुळे अर्ज येत नव्हता आणि रोल नंबर सव्वीस रोज हजेरीपटावर गैरहजर राहत होता.

मी सिस्टरांकडे बघितलं. त्या अजून बोळेच मोजत होत्या.

“पोरींना सांगून ठेवा,” त्या म्हणाल्या. “हसायचं नाही.”

अडचण एकच होती, सही. टोचल्यावर रजिस्टरमध्ये ज्याच्या त्याच्या नावापुढे सही लागायची, आणि विद्यार्थिनीचा अंगठा चालला नसता. मावशीला सही येत होती. साक्षरतेच्या वर्गात तिला शिकवली होती, पण तेवढीच, स्वतःच्या नावाची. ती अक्षरं सुटी करून दुसरं काही लिहायचं तिला जमत नव्हतं. तिचं नाव म्हणजे तिच्या लेखी एक अखंड चित्र होतं. मग पोरींनी तिला दुसरं चित्र शिकवलं. सुया उकळत ठेवल्या की धुण्याच्या खोलीत, फरशीवर, खडूने. सटाण्याच्या पोरीचं नाव लांबलचक, त्यात दोन जोडाक्षरं. मावशी वैतागली. तिने विचारलं, हिच्या बापाला सोपं नाव सुचलं नव्हतं का. पण शिकली. चार दिवसांत शिकली. त्या फरशीवर ते नाव इतक्या वेळा लिहिलं गेलं की पुढे कित्येक महिने पुसलं तरी ओल्या फरशीवर ते उमटायचं, असं मी सांगतो, आणि कुणी खोडून काढायला आता ती फरशी तिथे नाही.

टोचायच्या दिवशी पोरींनी मावशीला पांढरा अॅप्रन चढवला, केसांचा अंबाडा सोडून वेणी घातली आणि तिला मधोमध उभी केली. एकोणतीस पोरी अठरा वर्षांच्या आणि एक पन्नाशीची, कानशिलावर पिकलेली. हजेरी मी घेत होतो. टेबलाशी भाऊसाहेब खुणा करायला बसलेले. मावशी त्यांच्या टेबलावर रोज तीन वेळा पाण्याचा ग्लास ठेवायची. पण ग्लास त्यांना माहीत होता, मावशी नव्हती.

मी आकडे म्हणत गेलो. सव्वीस म्हणालो.

“हाय,” मावशी म्हणाली.

एकोणतीस पोरींनी एकोणतीस ओढण्या दातांत धरल्या. भाऊसाहेबांनी मान वर केली नाही. सव्वीसपुढे खूण केली आणि रजिस्टर तसंच खाली बघत पुढे सरकवलं. मावशीने पेन धरलं, जीभ दातांखाली धरली आणि ते लांबलचक नाव दोन्ही जोडाक्षरांसकट काढलं. सिस्टरांनी तिच्या दंडाला कापूस लावला आणि एवढ्या हलक्या हाताने सुई घातली की तसा हात मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. बाहेर आल्यावर मी विचारलं, दुखलं का. मावशी म्हणाली, लागलं बी नाय, हे तर रोजचं हाय. आणि अॅप्रन उतरवून सुया धुवायला गेली.

महिन्याने दुसरा डोस असाच झाला. तिसऱ्याच्या चार दिवस आधी घात होता होता राहिला. सटाण्याचे व्यापारी हजर झाले, डोक्याला टोपी, हातात अर्ज. माझ्यासमोर उभे राहून अहिराणीत म्हणाले, मनी पोरनं नाव काढानं शे, म्हणजे पोरीचं नाव कमी करायचंय. मी त्यांना आधी चहा पाजला. मग अर्जाला तिकीट लागतं म्हणून सांगितलं. मग तिकिटाचं दुकान आज बंद आहे म्हणून सांगितलं. मग अर्जावर मुलीच्या सासरच्यांची सही लागते असं सांगायला लागलो आणि त्यांच्या तोंडाकडे बघून थांबलो. तीस वर्षं कांद्याच्या लिलावात उभा राहिलेला माणूस. मी त्याला फसवणार म्हणजे किती फसवणार. मी सगळं खरं सांगून टाकलं. मावशी, सुया, तसराळं, यादी.

मग त्यांनी अर्जाची घडी करून खिशात घातली, आणि ती बाई कोणती, एवढं विचारलं. मी खिडकीतून दाखवली. ती नळाखाली सुया धरून उभी होती. ते म्हणाले, चार दिवसांनी येतो, इकडे माल घेऊन यायचंच आहे. मुलीच्या लग्नाचे पेढे काढून माझ्या टेबलावर ठेवले, एक तिला द्यायला सांगितला आणि गेले.

चार दिवसांनी सकाळी तिसरी सुई झाली आणि दुपारी नाव कमी झालं. भाऊसाहेबांनी नियमाप्रमाणे तीन डोस पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र सटाण्याच्या पोरीच्या नावे भरून ठेवलं, गोल शिक्का मारला, आणि घ्यायला कुणी येईना म्हणून फायलीत लावून टाकलं. स्वतःचंही त्याच दिवशी भरलं. त्यांनाही तीन डोस मिळाले होते, तिन्ही उपासाच्या दिवशी.

मी समजलो, विषय संपला. मावशीच्या बोटांत सुया जातच राहिल्या, पण आता मला घोर नव्हता.

वर्षं गेली. वापरून फेकायच्या सुया आल्या, तसराळं गेलं, कपाटाचं कुलूप निघालं आणि हातमोजे बाहेर आले. कॉम्प्युटर आला, त्याला पांघरायला शिवलेलं कापड आलं. सिस्टर निवृत्त होऊन मुलाकडे गुजरातेत गेल्या आणि तिथेच वारल्या. मॅडम बदलल्या. भाऊसाहेब कार्यालय अधीक्षक झाले. मावशी साठीला टेकली आणि अजून ठेकेदाराच्याच वहीत होती. ठेकेदार तिसरा, वही तीच.

मग एका वर्षी कॉलेजची तपासणी लागली आणि तिच्याआधी नवा कागद फिरला. ठेक्यावरच्या सफाई कामगारांचंही लसीकरण झालेलं पाहिजे. पुढच्या एक तारखेपासून प्रमाणपत्राशिवाय कुणालाही वॉर्डात आणि प्रयोगशाळेत पाऊल टाकू द्यायचं नाही. मी तो कागद वाचून अर्धा दिवस खूश होतो. इतक्या वर्षांनी का होईना, कुणाला तरी दिसलं. दुपारी मावशी माझ्याकडे आली. ठेकेदाराने सांगितलं होतं, प्रमाणपत्र आण, नाहीतर एक तारखेला दुसरी बाई येईल. तिने विचारलं, “भाऊ, माझा कागूद कुठं हाय?”

तिचा कागद फायलीत होता, शिक्क्यासकट, सटाण्याहून सासरी गेलेल्या बाईच्या नावाने.

मी तरी अक्कल लढवली. लस अंगात मुरली आहे की नाही हे रक्त तपासून कळतं. मी मावशीचं रक्त काढलं, शहरातल्या एका ओळखीच्या लॅबमध्ये दिलं. तिथून नमुना मुंबईला जायचा. रिपोर्ट आला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की ह्या व्यक्तीच्या रक्तात कावीळ ‘ब’विरुद्ध पुरेसं संरक्षण आहे. वर मावशीचं स्वतःचं नाव, छापील. तो रिपोर्ट घेऊन मी मावशीसकट भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. हो, आता केबिन होती.

त्यांनी रिपोर्ट वाचला. पाठपोट वाचला. आणि म्हणाले, नियमात प्रमाणपत्र लिहिलंय, रिपोर्ट लिहिलेला नाही.

मी म्हणालो, प्रमाणपत्र कशाचं असतं? रक्तात लस आहे ह्याचंच ना? हे बघा रक्त. ते म्हणाले, रक्तात असेल, पण ती कधी घेतली, कुणी दिली, कोणत्या बाटलीतली, ह्याची नोंद कुठे आहे. तेव्हा मी सगळं ओकलो. सव्वीस नंबर, अॅप्रन, वेणी, सही. त्यांच्या नाकाखाली झालं, त्यांनीच खूण केली, हेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि थंडपणे मोजून दाखवलं की मी हे लेखी दिलं तर त्या मुलीचं प्रमाणपत्र बोगस ठरेल, मेलेल्या सिस्टरांवर ठपका येईल, माझी चौकशी लागेल, आणि मावशीने दुसऱ्याच्या नावाने सही केली म्हणून तिला एक तारखेचीही वाट बघावी लागणार नाही. त्यापेक्षा तिने पुन्हा तीन डोस घ्यावेत. पहिला घेतला की चिठ्ठी देऊ, कामावर राहील.

त्यानंतर मी जो आवाज लावला तो वीटभट्टीच्या गाढवांनीही कधी ऐकला नव्हता. मी म्हणालो की ज्या बाईने तुमच्या कॉलेजचं रक्त वीस वर्षं उघड्या बोटांनी धुतलं, तिला टोचायची वेळ आली तेव्हा ती कर्मचारी नव्हती. आणि आता हाकलायची वेळ आली तेव्हा बरोबर कर्मचारी झाली. मी म्हणालो, तुमच्या फायलीत तीन डोस आहेत आणि दंडाला एक सुई नाही. काढा तुमचं रक्त, आत्ता काढतो, पाठवू मुंबईला, बघू त्यात काय निघतं ते, माळ निघते की उपास. बाहेर टायपिस्ट उभी राहिली. दुसऱ्या मजल्यावरचं लेक्चर थांबलं. नव्या मॅडम जिन्यातून अर्ध्यावर आल्या आणि विषय कळल्यावर अर्ध्यावरूनच परत गेल्या. मी टेबलावर हात आपटला तेव्हा त्यांचा पेपरवेट उडाला आणि छताच्या पंख्याला लागला. लागला नसेल तर अगदी जवळून गेला.

भाऊसाहेबांनी पेपरवेट उचलून परत रिपोर्टावर ठेवला, रिपोर्ट माझ्याकडे सरकवला आणि पुढची फाइल उघडली.

मी बाहेर व्हरांड्यात आलो. मावशी माझ्या मागोमाग आली. मी तिला म्हणालो की तुम्ही अजिबात घ्यायची नाही सुई. अंगात सगळं आहे तुमच्या, त्यांना लागतोय तो फक्त कागद. त्यासाठी ह्या वयात पुन्हा सहा महिने दंड पुढे करायचा? मी वर लिहितो, पेपरात देतो, कोर्टात जातो. माझं आणखी बरंच काही चाललं होतं.

मावशीने माझं बोलणं संपेपर्यंत वाट बघितली. मग पदर खोचला, भिंतीशी ठेवलेली बादली उचलली.

“घेते की,” ती म्हणाली. “ह्या बारीला माझ्या नावावर व्हतील.”